मावळच्या ताटाचा इतिहास

कामगाराने आपल्या आहारात धान्ये, कडधान्ये आणि भाज्या यांची विविधता वाढवावी, असा उपदेश अलीकडे फार ऐकू येतो. उपदेश चांगला आहे. मात्र करणाऱ्यांची अशी समजूत दिसते की, ही विविधता आमच्या लोकांना कधी ठाऊकच नव्हती. मावळातील नवलाख उंबरे या गावाकडे पाहिले म्हणजे नेमके उलट दिसते.

गावाच्या नावातच उंबर आहे. ते नऊ लाख कोणी मोजले, हा प्रश्न सोडून देऊ. मावळ हा भाताचा मुलूख खरा. पण भात पिकवणारा रोज भातच खाई, असे समजू नये. आंबेमोहोर बाजारात जाई. घरात राही ती नाचणी, वरई, सावा. सह्याद्रीच्या उतारांवर आधी नाचणी, पुढे वरई, मग खुरासणी आणि नंतर जमिनीला विसावा, असा क्रम असे. खुरासणीचे तेल निघे, चटणीही होई. भात काढल्यावर ओलीवर वाल, हरभरा. आषाढ लागला की टाकळा, कुर्डू, भारंगी. या भाज्यांना पैसा लागत नसे. लागे ती ओळख. पान कोणते खुडावे, कोणत्या भाजीचे कडू पाणी पिळून टाकावे, ही विद्या बायकांकडे होती. या जिण्यात उपासही होते, तेव्हा त्याचे गोडवे आम्ही गात नाही.

मावळ, खेड, जुन्नरची माणसे मुंबईस गेली. १८९० पासून चालत आलेला डबेवाल्यांचा धंदा मुख्यतः याच माणसांनी वाढवला. दुसऱ्याच्या घरचे ताजे जेवण वेळेवर पोचविणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात काय असे, हे फारसे कोणी विचारले नाही!

१९४२ साली ब्रह्मदेश पडला, तिकडचा तांदूळ थांबला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. त्याने माणसे जगवली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण काय खावे हे आता शेत नव्हे, दुकान ठरवू लागले. १९५६ च्या करारानंतर अमेरिकन गहू आला, १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाच्या पंक्तीस 'भरड धान्य' बसले. शब्द पाहा, भरड! १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, सडीक तांदळात जेमतेम १०. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी याच धान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा नाचणी देखण्या पिशवीत बसून शहरात मिरवली.

आज नवलाख उंबरे तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. पाळीवरच्या तरुणास टाकळा ओळखता येत नाही म्हणून त्यास हसण्यात अर्थ नाही. रात्रपाळी करून आल्यावर तो खुडणार कोण, निवडणार कोण? आम्ही हा प्रश्न वेतनाचा, वेळेचा आणि उपाहारगृहाचा मानतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यासाठी उपाहारगृहाची आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगार-प्रतिनिधींची तरतूद होती. २०२० च्या संहितेने ही मर्यादा १०० वर आणली आणि कंत्राटी कामगारही त्यात धरले. समितीच्या बैठकांत वाद रंगतो तो बहुधा चहाच्या दरावर. त्याच बैठकीत आठवड्यातून दोन दिवस नाचणीची भाकरी, मोडाची मटकी, आणि पावसाळ्यात आसपासच्या वाड्यांतील बायकांकडून रोख पैसे देऊन घेतलेली रानभाजी, ही तीन कलमे मांडता येतात.