पहिल्या वर्षाची धास्ती

जून महिना आला की पौडहून पुण्याला जाणाऱ्या एस.टी.त काही चेहरे लगेच ओळखू येतात. मांडीवर घट्ट धरलेली पिशवी, नवी कोरी वही आणि खिडकीबाहेर लागलेली नजर. हे पोर आज पहिल्यांदाच कॉलेजला चाललंय, हे कुणी सांगावं लागत नाही. १९८७ च्या जूनमध्ये त्या खिडकीशी मी बसलो होतो.

मुळशी तालुक्यातलं आमचं गाव लहान. अब्बा पौडच्या बाजारात शिवणकाम करत. घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शाळेत गुरुजी नावानं हाक मारायचे. इथं शंभरावर मुलांच्या वर्गात मी नुसता एक रोल नंबर झालो. इंग्रजीचा तास सुरू झाला की पोटात गोळा यायचा. कुणी गाव विचारलं तर 'कोथरूडच्या पुढं' एवढंच सांगायचो; मुळशीचं नाव घ्यायची लाज वाटे. कॅन्टीनमध्ये आधी कूपन घ्यायचं की आधी खाणं मागायचं, हे विचारायचं धाडस नव्हतं. म्हणून अम्मीनं बांधून दिलेली भाकरी ग्रंथालयामागच्या कट्ट्यावर एकट्यानंच खायचो. पंधरा दिवसांतच अब्बांना म्हणालो, "मला नाही जमणार. दाखला काढून आणतो."

अब्बांनी मशीन थांबवली. म्हणाले, "दिवाळीपर्यंत जा. तवर नाही जमलं, तर ही मशीन हायेच."

पुढच्या आठवड्यात पावसानं कट्टा भिजला, म्हणून ग्रंथालयात शिरलो. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "कुठलं पुस्तक?" काय सांगावं सुचेना. तोंडातून निघून गेलं, "मुळशीचं काही आहे?" त्यांनी वि. म. भुस्कुट्यांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक काढून दिलं.

मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीनं मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी धरण बांधायला घेतलं. पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळातले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. लढा हरला, धरण झालं. आमच्या शेजारच्या आजीचं माहेर त्याच पाण्याखाली गेलेलं. ती चुलीपुढं बसून जे पुटपुटायची, ते मी पुण्याच्या ग्रंथालयात छापील अक्षरांत वाचत होतो. ज्या गावाचं नाव मी लपवत होतो, त्याला या शहराच्या कपाटात आधीपासूनच जागा होती.

मग बापटांविषयी मिळेल ते वाचत सुटलो. ते पारनेरसारख्या गावातून डेक्कन कॉलेजात आलेले. पुढं शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये थेट एडिंबरोला गेले. त्याच डेक्कन कॉलेजात त्यांच्या आधी, १८७३ मध्ये, टिळकांनी पाऊल ठेवलं होतं. प्रकृती नाजूक होती, म्हणून त्यांनी पहिलं वर्ष व्यायामात आणि पोहण्यात घालवलं आणि परीक्षेत नापास झाले. टिळकांचं ते ठरवून केलेलं होतं, माझी होती ती निव्वळ भीती. तरी पहिलं वर्ष फसलं म्हणून माणूस फसत नाही, एवढा धीर त्यातून मिळाला.

ही धास्ती फार जुनी आहे, आणि आपल्याकडच्या जाणत्या माणसांनी ती ओळखली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांचीही सोय झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली आणि १९४७ मध्ये तिथंच कॉलेज काढून 'कमवा आणि शिका'चा रस्ता दाखवला. पुण्यात शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलांसाठी अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. या सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. खेड्यातलं पोर पहिल्या वर्षी मागं पडतं, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्याला आधी अंग टाकायला जागा लागते, दोन घास लागतात आणि नावानं हाक मारणारं माणूस लागतं. पुस्तक त्यानंतर उघडतं.

ऑगस्टमध्ये इतिहासाच्या सरांनी वर्गात विचारलं, "सत्याग्रहाचं एखादं उदाहरण कोण सांगेल?" मी कसा उभा राहिलो, अजून कळत नाही. पाय लटपटत होते. माझ्या मावळी मराठीत पाचेक मिनिटं मुळशीचं बोललो आणि मटकन खाली बसलो. टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. पण तास संपल्यावर दोघं जवळ आले, एक वेल्ह्याचा, एक जुन्नरचा. वेल्ह्याचा म्हणाला, "तू मुळशीचा व्हय? मग रोज कट्ट्यावर एकटाच काय जेवतोस?"

त्या दिवसापासून तिघांच्या भाकऱ्या एकत्र सुटू लागल्या. दिवाळी आली आणि गेली. अब्बांनी काही विचारलं नाही, मीही दाखल्याचा विषय काढला नाही. बी.ए. झालो, कविता लिहू लागलो.

आता काळ उलटा फिरलाय. आमच्या मुळशीतल्या लवळ्याला विद्यापीठं उभी राहिली आहेत. देशभरातली मुलं तिथं शिकायला येतात. कधी पिरंगुटच्या चहाच्या टपरीवर एखादं पोर दिसतं. हातात ग्लास, नजर जमिनीवर, भाषा कळत नाही म्हणून गप्प. त्याचे कपडे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले, पण चेहरा मला चांगला ओळखीचा असतो.

मी त्याच्याशेजारी बाकावर बसतो. मोडक्यातोडक्या हिंदीत आधी त्याचं नाव विचारतो आणि मग गाव.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)