बेगडी, पण खोटं नव्हे

आमच्या दिवाणखान्यातल्या फळीवरून एक कमंडलू उतरवावा लागला, त्याची ही हकीकत.

काही वर्षांपूर्वी बेळगावातल्या आमच्या महिला मंडळाच्या स्नेहसंमेलनात आम्ही 'सौभद्रा'तला एक प्रवेश केला. यतिवेषातल्या अर्जुनाचा त्रिदंड आणि कमंडलू करायचं काम माझ्याकडे आलं. सुतार-रंगारी असल्या कामाला सरस वापरतात. पण सरस जनावरांच्या कातड्याहाडांचा, तो आमच्या घरात येणार कसा? मी चिंचोक्याची खळ शिजवली, रद्दीचा लगदा केला, वर रंग दिला. संमेलन संपलं तरी वस्तू टाकवेनात. फळीवर मांडल्या. मग नाद लागला. शाकुंतलातली अंगठी आली, 'मृच्छकटिका'तला मातीचा गाडा आला, 'एकच प्याला'तला प्याला आला. एक फळी भरली, दुसरी ठोकली.

आलेल्या बायका विचारायच्या, "हे कुठून आणलंत?" आणि मला सांगायला निमित्त मिळायचं. कारण ही नाटकं आपल्या या सीमाभागाशी किती जवळची आहेत, हे आपल्यालाच माहीत नसतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ सालचा, याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. पुढे १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेबांचं 'शाकुंतल' झालं, १८८२ मध्ये 'सौभद्र'. 'मृच्छकटिक' मराठी संगीत रंगभूमीवर आणणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. केशवराव भोसल्यांनी 'ललितकलादर्श' काढली ती १९०८ मध्ये, हुबळीला.

या नाटकांत एकेका लहानशा वस्तूवर केवढा भार असतो! अंगठी हरवते आणि राजाला बायकोची ओळख राहत नाही. शेजारच्या मुलाचा सोन्याचा गाडा बघून चारुदत्ताचा रोहसेन मातीचा गाडा नको म्हणून रडतो, तेव्हा वसंतसेना अंगावरचे दागिने काढून त्याच्या गाड्यात घालते. हा प्रसंग सांगताना मी मुलांना तो गाडा हातात देते. मुलं आत डोकावून दागिने आहेत का बघतात.

नाटकातलं घरी आणायची हौस माझी एकटीची नव्हे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या आज्या-पणज्यांनी तेच केलं. तेव्हा बायकांची कामं पुरुष करत. बालगंधर्वांचं नेसणं, केसांत फुलं माळणं, दागिन्यांची निवड बघून घरंदाज बायका तसं करू लागल्या. म्हणजे पुरुषानं बाईची नक्कल केली आणि बायकांनी त्या नकलेची! बालगंधर्वांना मात्र रंगमंचावर बेगड चालत नसे. भारी शालू, अस्सल अत्तर, असा सगळा थाट. त्या थाटापायी कंपनी कर्जात बुडत गेली. तरीही १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर, बडोद्याला 'एकच प्याला' उभं राहिलं, तेव्हा याच बालगंधर्वांनी सिंधूसाठी ठिगळांचं लुगडं नेसलं. शालूवर भाळलेले प्रेक्षक त्या लुगड्यापुढे रडले. पुढे १९२९ मध्ये मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या, आणि बाईचं काम बाईकडे येऊ लागलं.

असं सगळं चाललं असताना आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, एक दिवस फळीपुढे उभ्या राहिल्या.

"कमंडलू काढ तिथनं."

"आत्ती, नाटकातला आहे तो. अर्जुनाचा."

"असू दे. बघणाऱ्याला काय कळतंय? आपल्या घरात कमंडलू म्हटलं की महाराजांचा. शोभेला ठेवायची वस्तू आहे होय ती?"

मला वाटलं, आता प्याल्यावरही गदा येणार. जैन घरात दारूचा प्याला! पण त्या म्हणाल्या, "तो राहू दे की. दारू वाईट म्हणूनच सांगतोय तो."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? रात्री मात्र झोप लागेना. मुनींची पिच्छी संयमासाठी, कमंडलू शुद्धीसाठी. ती उपकरणं आहेत, परिग्रह नव्हे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. वस्तू कामाची आहे तोवर उपकरण. काम संपलं आणि नुसती साठवली, की परिग्रह. मग माझ्या दोन फळ्यांचं काय? त्यातल्या निम्म्या वस्तूंची गोष्ट मी कुणाला वर्षभरात एकदाही सांगितली नव्हती. तलवारी चार होत्या. चौथी कुठल्या नाटकातली, हे मला स्वतःला आठवेना.

सकाळी कमंडलू उतरवला. आत्ती काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, आपली ट्रंक उघडली आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. पुठ्ठ्याचा मुकुट. वर सोनेरी बेगड, काही ठिकाणी उडालेली, कडेला काचेचे खडे. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी गावात पंचकल्याणक झालं, तेव्हा मामंजी इंद्र आणि त्या इंद्राणी झाल्या होत्या. तो मुकुट त्यांनी इतकी वर्षं जपला होता.

"हा फळीवर ठेवू?" मी विचारलं.

"छे गं. तुला बघायला म्हणून काढला." त्यांनी तो पुन्हा गुंडाळला.

बेगड लावलेलं ते बेगडी, आणि बेगडी म्हणजे खोटं, असं आपण सहज म्हणतो. त्या मुकुटातलं सोनं खोटं होतं, पण त्या दिवशीचा भाव खोटा नव्हता. तो दाखवण्यासाठी नव्हता, एवढंच.

मी आता प्रमाण घालून घेतलंय. फळी एकच, वस्तू बारा. नवी आली की एक जाणार, तीही नाटक बसवणाऱ्या एखाद्या शाळेला. त्रिदंड आणि कमंडलू मंडळाच्या पेटीत गेले. पुढच्या 'सौभद्रा'ला लागतील. चार तलवारींपैकी तीन मुलांच्या हातात कधीच मोडल्या.

अंगठी मात्र जागेवर आहे. हल्ली तिची गोष्ट नातवंडांना मी सांगत नाही. आत्ती सांगतात, आणि दुष्यंताला माझ्यापेक्षा जास्त बोल लावतात.