फोटोखालची ओळ

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात जमिनीवर पसरलेल्या फोटोंपासून करू या.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी मिळून आमच्या शहरातल्या कलादालनात जुन्या स्टुडिओ-फोटोंचं प्रदर्शन भरवलं. ओळखीच्या घरांतून फोटो गोळा केले. कलादालनाचं आठवड्याचं भाडं भरलं होतं, फ्रेमवाल्याला मापं द्यायची होती, आणि आमचं गाडं एका फोटोपाशी अडलं. साधा कौटुंबिक फोटो. खुर्चीत आजोबा, शेजारी आजी, मागे दोन मुलगे. उजव्या कडेला एक बाई उभी, तिच्या कडेवर वर्षभराचं बाळ. बाईचा अर्धा चेहरा माउंटच्या पुठ्ठ्याखाली गेलेला. फोटो देणाऱ्या घरानं सगळ्यांची नावं सांगितली, बाळाचंसुद्धा. त्या बाईवर बोट ठेवलं तर म्हणाले, "ती ना? कामाला होती आमच्याकडे."

आता फोटोखाली काय लिहायचं? आमच्यातल्या एकानं यादीत 'अज्ञात स्त्री' असं लिहिलं. दुसरीनं ते खोडलं. यावर दोन दिवस वाद झाला. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की हा प्रश्न आमच्यापुरता नाही. माणसांचे फोटो काढून ते लोकांपुढे मांडायला सुरुवात झाली, तेव्हापासून तो चालत आलेला आहे. त्याचे तीन टप्पे आज पाहू. एक मुंबईचा, एक जर्मनीतल्या कोलोन शहराचा, आणि एक आपल्या आनंदीबाई जोशींचा.

पहिला टप्पा मुंबईचा. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरच्या छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात इंग्रज अधिकारी होते तसे डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. म्हणजे या कलेत कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलेला माणूस सुरुवातीपासून आपलाही होता, हे विसरून चालणार नाही.

त्याच सोसायटीत विल्यम जॉन्सन नावाचे छायाचित्रकार होते. त्यांनी १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचं पुस्तक काढलं: 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. नावातच सगळं आलं. पुस्तकात फोटो आहेत, पण बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही. आहे ते जातीचं, जमातीचं, धंद्याचं. आणखी एक गंमत आहे. यातल्या पुष्कळ फोटोंत माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून आणून जोडलेला आहे. म्हणजे माणूस त्याच्या जागेवरून उचलला, त्याचं नाव काढून घेतलं, आणि मागे सोयीचा देखावा लावला.

पुढे सरकारनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावानं आठ खंड निघाले. चारशेहून अधिक फोटो आणि प्रत्येकासोबत त्या जमातीबद्दलचा मजकूर. १८५७ च्या उठावाला फार वर्षं झाली नव्हती, आणि कोण राजनिष्ठ, कोण भरवशाचा नाही, असे शेरे त्या मजकुरात मारलेले आढळतात. फोटोतला माणूस काहीच बोलत नाही. बोलते ती खालची ओळ.

आता त्याच काळात, त्याच शहरात, दुसरं काय चाललं होतं? पैसे मोजून स्वतःचा फोटो काढून घेणारे लोक स्टुडिओत जात होते. पॅरिसच्या दिस्देरीनं १८५४ साली छोट्या फोटोंच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. एका काचेवर अनेक फोटो घ्यायचे, कापायचे आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. त्यामुळे फोटो स्वस्त झाले, ओळखीपाळखीच्यांना वाटता येऊ लागले. शेटजी, वकील, शिक्षक, संस्थानिक असे सगळे त्यात आले. या फोटोंवर माणसाचं नाव असे, कधी त्याच्या हातची सही असे.

म्हणजे बघा, कॅमेरा तोच, रसायनं तीच. पण ज्यानं पैसे दिले त्याचं नाव राहिलं, आणि ज्याला बोलावून उभं केलं त्याची जात राहिली. आमच्या त्या कौटुंबिक फोटोत हे दोन्ही प्रकार एकाच चौकटीत आले होते. म्हणून आमचं गाडं अडलं होतं.

मग वाटेल, की उपाय सोपा आहे: सगळ्यांना एकाच रांगेत बसवा, एकाच पद्धतीनं ओळख द्या. हा प्रयोग एकानं खरोखर केला, आणि म्हणून आपण आता कोलोनला जाऊ.

ऑगस्ट सांडर. जन्म १८७६, हेरडॉर्फ या खाणींच्या गावचा. पुढे कोलोनला त्यानं स्टुडिओ थाटला. धंदा हवा म्हणून तो जवळच्या वेस्टरवाल्ड भागातल्या खेड्यांतून फिरायचा आणि शेतकरी कुटुंबांचे फोटो काढून द्यायचा. ही गिऱ्हाइकं होती, फोटो त्यांच्या घरातल्या भिंतीसाठी होते. पण सांडरच्या मनात त्यातून एक मोठी योजना तयार झाली: विसाव्या शतकातल्या सगळ्या प्रकारच्या माणसांचा संग्रह. त्यानं त्याचे सात गट पाडले. शेतकरी, कारागीर, स्त्रिया, वेगवेगळे पेशे, कलावंत, शहर, आणि शेवटी 'अखेरची माणसं', म्हणजे आजारी, अपंग, समाजानं कडेला सारलेले.

१९२७ साली कोलोनच्या कुन्स्टफेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या कलासंस्थेत, त्यानं या कामातले शंभराच्या आसपास फोटो मांडले. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण कल्पना करा: ज्या भिंतींवर एरवी चित्रकारांची चित्रं लागतात, तिथे शेतकरी, कामगार, उद्योगपती, कलावंत सगळे एकाच पद्धतीनं, समोर बघत, शांत उभे. कोणालाही खास प्रकाश नाही, कोणाचीही थट्टा नाही. खाली नावाऐवजी बहुतेक वेळा फक्त काम किंवा पेशा. १९२९ साली त्यातले साठ फोटो पुस्तकरूपानं आले. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'काळाचा चेहरा'.

मग नाझी आले. १९३६ साली या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती जप्त झाल्या, छपाईचे ठसे नष्ट केले गेले. सांडरचा मुलगा एरिक डाव्या चळवळीतला. त्याला १९३४ साली अटक झाली, दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ती संपत आली असताना १९४४ साली तो तुरुंगात वारला. सांडरनं त्याच्या मृत चेहऱ्याच्या साच्याचा फोटो आपल्या त्याच संग्रहात ठेवला.

सांडरबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. पण त्याच्याही फोटोखालच्या ओळीकडे नीट बघायला हवं. त्याचा सर्वांत गाजलेला फोटो १९१४ चा. कोट-टोपी घालून, हातात काठ्या घेऊन, नाचाच्या कार्यक्रमाला निघालेले तीन तरुण चिखलाच्या वाटेवर थांबून मागे वळून बघतायत. शीर्षक 'तरुण शेतकरी'. पुढे संशोधकांनी त्या तिघांचा माग काढला, तेव्हा ते खाणीशी संबंधित कामं करणारे निघाले. त्यांतला एक जण पहिल्या महायुद्धात मारला गेला. म्हणजे चांगल्या हेतूनं लावलेलं लेबलसुद्धा चुकलं होतं. आणि नाव नसल्यामुळे ते चुकलंय हे कळायला कित्येक दशकं जावी लागली.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. १९३८ च्या सुमारास कोलोनमधले ज्यू नागरिक सांडरकडे ओळखपत्रासाठी फोटो काढायला येत होते. नाझी सरकारनं ते ओळखपत्र सक्तीचं केलं होतं. सांडरनं हे फोटो युद्धानंतर आपल्या संग्रहात वेगळ्या गटात ठेवले आणि त्यांना नाव दिलं 'छळले गेलेले'. त्यात माणसांबद्दल आस्था होती, पण नावं पुन्हा नव्हती. ती शोधली कोलोन शहराच्याच नाझी काळाविषयीच्या दस्तऐवज केंद्रातल्या संशोधकांनी. २०१८ साली पॅरिसच्या होलोकॉस्ट स्मारकात हे फोटो मांडले गेले, तेव्हा सोबत त्या माणसांची नावं आणि त्यांचं पुढे काय झालं हेही होतं. फोटो काढल्यापासून जवळजवळ ऐंशी वर्षांनी त्यांची ओळ बदलली. फोटो तेच होते. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी जास्तीचे कष्ट घेतले, एवढंच.

आता कोणी म्हणेल, नाव लिहिलं की प्रश्न मिटला. त्यासाठी तिसरा टप्पा. तो आपल्या घरचा आहे.

आनंदीबाई जोशींचा तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात शेजारी-शेजारी. भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली. तारीख १० ऑक्टोबर १८८५, स्थळ फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. या फोटोखाली तिघींची नावं आहेत. पण ओळ वाचा. तिघींच्याही आधी 'डॉक्टर' लिहिलंय, आणि त्या दिवशी तिघींपैकी एकीलाही पदवी मिळालेली नव्हती. आनंदीबाईंना ती मिळाली पुढच्या मार्चमध्ये, १८८६ साली. बाकी दोघींना त्याहून उशिरा. सबातचं नाव भलत्याच अक्षरानं सुरू होतं. आणि आनंदीबाईंचं गाव? कल्याण नाही, पुणे नाही. तिथे आहे सेरामपूर, तेही चुकलेल्या स्पेलिंगमध्ये. का? तर गोपाळराव पोस्टात होते, बदलीमुळे ते बंगालात गेले होते, आणि १८८३ साली आनंदीबाई तिथूनच अमेरिकेला निघाल्या.

हा फोटो लावताना आम्ही काय केलं असतं? चूक दुरुस्त केली असती? आम्हाला वाटतं, मूळ ओळ तशीच दाखवावी आणि शेजारी आपली ओळ लिहावी. कारण त्या चुकीतही इतिहास आहे. परदेशातल्या कॉलेजच्या दृष्टीनं ही मुलगी कुठली होती, ते त्यात दिसतं. वीस वर्षांची होती ती तेव्हा. पुढे जेमतेम दीड वर्ष जगली.

आता परत आमच्या कलादालनात येऊ. प्रदर्शन भरवायचं म्हणजे शंभर लहान कामं असतात. जुने मूळ फोटो फार प्रकाशात ठेवता येत नाहीत. पन्नास लक्सच्या वर दिवा नको असं म्हणतात, म्हणून आम्ही बहुतेक ठिकाणी प्रती लावल्या आणि मूळ फोटो घरोघरी परत केले. फोटोचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर धरायचा. काचेवर दिव्याची चमक येऊ नये म्हणून शिडीवर चढून दिवे फिरवायचे. हे सगळं शिकता येतं. पण कोण कोणाच्या शेजारी लागणार आणि खाली काय लिहिलं जाणार, हे ठरवणं ही खरी जबाबदारी. तिथे आपण जॉन्सनच्या जागी उभे असतो.

त्या बाईंच्या फोटोचं आम्ही दोन गोष्टी करून पाहिलं. एक, फ्रेमवाल्याला सांगून नवीन माउंट कापून घेतला, त्यात त्यांचा चेहरा पूर्ण आला. दोन, 'अज्ञात' हा शब्द वगळला. विचार करा, अज्ञात कोणाला? त्यांना स्वतःचं नाव माहीत होतंच की. त्या बाळालाही त्यांची हाक माहीत असणार. म्हणून आम्ही लिहिलं, "बाळाला घेतलेल्या बाईंचं नाव कुटुंबाला आठवत नाही."

उद्घाटनाच्या दिवशी त्या घरातले गृहस्थ आले. ओळ वाचली आणि नाराज झाले. म्हणाले, "आम्ही विश्वासानं फोटो दिला, आणि तुम्ही आम्हालाच दोष देताय?" त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं. आम्ही तरी कुठे जास्त शोधलं होतं? एक फोन केला होता फक्त. त्याच संध्याकाळी ओळ बदलली: "बाळाला घेतलेल्या बाईंचं नाव आता आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर वहीत लिहावं." खाली एक वही ठेवली.

त्यांचं नाव मिळालं नाही, हे सांगून टाकतो. पण आठवडा संपल्यावर वही उघडली, तर लोकांनी त्यात आपापल्या घरी कामाला असलेल्या बायकांची नावं लिहिली होती. काहींनी पुढे गावही लिहिलं होतं. पहिल्या पानावरचं एक नाव त्या गृहस्थांच्या अक्षरात होतं. ते फोटोतल्या बाईंचं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या लहानपणी घरी येणाऱ्या बाईंचं होतं.

तुमच्याही घरी अशी एखादी पेटी असेल. ती उघडाल तेव्हा पेन्सिल जवळ ठेवा. फोटोच्या मागे, हलक्या हातानं, जेवढी आठवतात तेवढी नावं लिहा. कडेला उभ्या असलेल्यांपासून सुरुवात करा.