हातचे राखून

अंतराळातल्या साम्राज्यांच्या कादंबरीमालिकेत पुढचा भाग वाचकाला पकडून ठेवतो तो कशाच्या जोरावर? अधिक मोठी याने, अधिक संहारक शस्त्रे, ग्रहाऐवजी अख्खी आकाशगंगा पणाला, असे उत्तर सहसा मिळते. या प्रकाराचा आरंभ पाहिला तर ते पटतेही. ‘अमेझिंग स्टोरीज’ या अमेरिकी मासिकात ऑगस्ट १९२८पासून ई. ई. स्मिथ यांची ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ क्रमशः आली आणि १९३०मध्ये तिथेच ‘स्कायलार्क थ्री’ सुरू झाली. यान वाढले, शत्रू वाढला, अंतरेही वाढली. पण आकार वाढवण्याची युक्ती लवकर थकते. आकाशगंगा ओलांडल्यावर आणखी कुठे जाणार? खरी पकड आकारात नसून क्रमात आहे, म्हणजे लेखक काय हातचे राखतो आणि ते केव्हा उघड करतो यात, असे या मालिकांचा छपाईचा इतिहासच सांगतो.

याचा पुरावा स्मिथ यांच्याच ‘लेन्समन’ मालिकेत सापडतो. १९३७ ते १९४८ या काळात तिचे चार भाग ‘अस्टाउंडिंग’ मासिकात क्रमशः आले. दर भागात नायक शत्रूच्या मुळापर्यंत पोचल्यासारखा वाटे आणि पुढच्या भागात कळे, की हरवलेला शत्रू दुसऱ्याच कुणाचा तरी हस्तक होता. मूळ सूत्रधाराचा पत्ता शेवटच्या भागापर्यंत गुलदस्त्यात होता. पुढे फँटसी प्रेसने ही मालिका पुस्तकरूपात काढली, तेव्हा १९३४ सालची ‘ट्रायप्लॅनेटरी’ ही स्वतंत्र कथा फिरवून लिहून १९४८मध्ये तिला पहिल्या खंडाचे स्थान देण्यात आले आणि सूत्रधार आरंभीच वाचकासमोर आला. कथानकाचा कणा तोच, युद्धेही तीच. पण नायक ज्या शोधात आहे त्याचे उत्तर वाचकाला आधीच ठाऊक. आकारच निर्णायक असता, तर या बदलाने काहीच बिघडायला नको होते.

आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ कथांमध्ये तर आकाराचा प्रश्नच येत नाही, कारण तिथली बहुतेक लढाई खोलीत बसून, बोलण्यातून होते. मे १९४२च्या पहिल्या कथेत नायकाला संकटावरचा उपाय सुचतो, पण तो वाचकाला न सांगताच कथा संपते. संपादक जॉन कॅम्बेल यांना पुढची कथा घेणे भाग पडावे, हा त्यामागचा उघड डाव होता. पुढची कथा जूनच्या अंकात आली. याहून मोठा डाव १९४५मधला. भविष्याचा आराखडा आखून ठेवणाऱ्या सेल्डन या पात्राची योजना कधी चुकत नाही हा विश्वास कथांमागून कथांनी पक्का केल्यावर ‘द म्यूल’मध्ये ती योजना कोसळते. हीच कथा सर्वांत आधी आली असती, तर कोसळायला काही उरलेच नसते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हा सारा मासिकांचा धंदा होता: अंक खपावा म्हणून कथा लांबवायची. धंदा होता हे खरेच; मात्र धंद्यामुळे पुढचा भाग लिहिला का गेला एवढेच कळते, तो रंगला का हे कळत नाही. त्याच बाजारात विसरल्या गेलेल्या मालिकाही निघाल्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पकड प्रतीक्षेतून येत असेल, मग महिनोन्‌महिने वाट न पाहता एका बैठकीत वाचणाऱ्याचे काय? प्रतीक्षेने उत्कंठा वाढते यात वाद नाही. तरी ग्नोम प्रेसने १९५१ ते १९५३ दरम्यान ‘फाउंडेशन’चे तीन खंड काढले, ते सलग वाचणाऱ्यालाही म्यूलचा धक्का बसतोच, कारण तिथे तो क्रम शाबूत आहे; ‘लेन्समन’च्या खंडांत तो मोडला. म्हणून ‘लेन्समन’ प्रथमच हाती घेणाऱ्याने ‘ट्रायप्लॅनेटरी’ बाजूला ठेवून मासिकातल्या चार भागांपैकी पहिल्या ‘गॅलॅक्टिक पॅट्रोल’पासून सुरुवात करावी, कारण कालानुक्रमाने नीट लावलेली मालिका नेहमीच नीट वाचता येते असे नाही.