जाल्लो
जाल्लो : खूनसत्राभोवती गुंफलेल्या इटालियन रहस्यपटांचा एक प्रकार. ‘जाल्लो’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘पिवळा’. मिलान येथील मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ मध्ये पिवळ्या वेष्टनातील रहस्यकथांची स्वस्त माला सुरू केली. तीवरून इटलीत रहस्यकथामात्रास हे नाव पडले. प्रारंभी या मालेत इंग्रजी व अमेरिकन कादंबऱ्यांच्या भाषांतरांचा भरणा असे. फॅसिस्ट राजवटीच्या दडपणामुळे १९४१ मध्ये माला बंद पडली व दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा निघू लागली. मराठीत ‘पिवळे पुस्तक’ म्हणजे अश्लील पुस्तक असा संकेत रूढ आहे. इटालियन शब्दाला मुळात तसा अर्थ नाही.

छापील रहस्यकथेला चित्रपटाचे स्वतंत्र रूप दिले ते मुख्यतः मारिओ बाव्हा (१९१४–८०) या दिग्दर्शकाने. तो मूळचा छायालेखक होता. त्याचा द गर्ल हू न्यू टू मच (१९६३) हा चित्रपट या प्रकाराचा आरंभ मानला जातो. तथापि या प्रकाराची लक्षणे निश्चित केली ती ब्लड अँड ब्लॅक लेस (१९६४) या त्याच्या चित्रपटाने. त्याच्या इटालियन नावाचा अर्थ ‘खुन्यासाठी सहा स्त्रिया’ असा आहे. रोममधील एका फॅशनगृहातील मॉडेल मारली जाते. अनेकांची गुपिते नोंदलेली तिची रोजनिशी सापडते आणि तिच्या मागोमाग एकेक तरुणी बळी पडते. खुन्याच्या अंगात काळा कोट व डोक्यावर हॅट असून चेहऱ्यावर डोळे-नाक न दिसणारे पांढरे आवरण आहे. पोलीस सर्व संशयित पुरुषांना अटकेत ठेवतात, तरीही आणखी एक खून होतो. फॅशनगृहाची मालकीण व तिचा साथीदार हे दोघेच गुन्हेगार असल्याचे अखेरीस उघड होते.

या पार्श्वभूमीला ऐतिहासिक आधार होता. जोव्हान्नी बात्तिस्ता जॉर्जीनी याने १९५१ साली फ्लॉरेन्स येथे परदेशी खरेदीदारांपुढे इटालियन पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यानंतर फॅशन हा युद्धोत्तर इटलीच्या समृद्धीचा एक दर्शनी भाग बनला. बाव्हाने त्याच झगमगाटाची मागची बाजू दाखविली. त्याच्या चित्रपटात पुतळे व जिवंत मॉडेल एकाच भडक रंगीत प्रकाशात न्हाऊन निघतात. जिचे रूप विकले जाते तिचा जीवही स्वस्त आहे, हे त्यातून सूचित होते.

दारिओ आर्जेन्तो (१९४०– ) याच्या द बर्ड विथ द क्रिस्टल प्लूमेज (१९७०) या चित्रपटाच्या यशानंतर जाल्लोपटांची लाट आली. काळे हातमोजे, धारदार शस्त्र, खुन्याच्या नजरेने फिरणारा कॅमेरा आणि निष्प्रभ पोलीस हे त्यांचे ठरीव संकेत झाले.

आंद्रेआ बियांकी याच्या स्ट्रिप न्यूड फॉर युवर किलर (१९७५) या चित्रपटात मिलानमधील छायाचित्र-स्टुडिओशी संबंधित व्यक्तींचे खून होतात. मोटारसायकलस्वाराचा काळा पोशाख व शिरस्त्राण घातलेली खुनी व्यक्ती ही एका मृत मॉडेलची बहीण असते. ती मॉडेल चोरट्या गर्भपातात दगावलेली असून तिच्या मृत्यूवर पांघरूण घातले गेलेले असते. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा इटलीत गर्भपात हा गुन्हा होता. तो कायदेशीर ठरला १९७८ मध्ये. भारतात तत्संबंधीचा कायदा १९७१ मध्येच झाला होता. कथेच्या मुळाशी अशी खरी सामाजिक व्यथा असूनही चित्रपटाचा भर स्त्रीदेहाच्या प्रदर्शनावरच राहतो. ‘पिवळा’ या शब्दाचे इटालियन व मराठी अर्थ येथे जणू एकत्र आले.

मराठी रहस्यवाङ्मयाची वाटचाल निराळी झाली. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारावर रहस्यकथा लिहून झुंजार, काळापहाड, धनंजय असे नायक लोकप्रिय केले; त्यांच्या कथांत अखेर व्यवस्थाच विजयी होते. ब्लड अँड ब्लॅक लेस ज्या १९६४ साली आला, त्याच वर्षी राजा परांजपे यांचा पाठलाग हा मराठी रहस्यपट प्रदर्शित झाला. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात, मृत मानलेल्या पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी स्त्री आरोपी म्हणून न्यायालयात उभी राहते व आपणच ती पत्नी असल्याचे सांगते. त्यावरून मेरा साया (१९६६) हा हिंदी चित्रपट निघाला. पाठलागमधील रहस्य स्त्रीच्या साक्षीतून उलगडत जाते. जाल्लोपटातील स्त्रीला बहुधा साक्ष देण्यापुरतेही आयुष्य मिळत नाही. पुढे चंद्रकांत कुलकर्णी यांच्या बिनधास्त (१९९९) या चित्रपटात महाविद्यालयीन तरुणींभोवतीचे खुनाचे रहस्य जवळजवळ संपूर्ण स्त्रीपात्रांच्या साहाय्याने मांडले गेले.

इटलीत १९७६ नंतर खासगी दूरचित्रवाणी केंद्रे वाढली, चित्रपटगृहांचा प्रेक्षक घटला व जाल्लोची लाट ओसरली. बाव्हाच्या अ बे ऑफ ब्लड (१९७१) या चित्रपटाची छाया फ्रायडे द थर्टीन्थ (१९८०) यासारख्या अमेरिकन खूनपटांवर स्पष्ट दिसते. जाल्लोतील रंगयोजना, संगीत व कॅमेऱ्याचा वापर यांचा अभ्यासक गौरव करतात. स्त्रीवरील हिंसा प्रेक्षणीय करण्याच्या त्याच्या प्रवृत्तीवर टीकाही झाली आहे. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे : ज्या कॅमेऱ्याने फॅशनगृहाचा दांभिकपणा उघडा पाडला, तोच त्या फॅशनगृहाप्रमाणे सौंदर्याचा विक्रेताही होता.