मधुमेहाची मूर्च्छा आणि तिच्यावरील उपाय

मधुमेह आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या काळापासून परिचित आहे. परंतु या रोगाच्या अखेरीस येणाऱ्या मूर्च्छेंतील श्वासाचें नेमकें वर्णन व्हावयास १८७४ साल उजाडावें लागलें. फ्रायबुर्ग येथील आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यानें तें केलें. छातींत कोठें अडथळा नाहीं, हवा मोकळेपणानें आंतबाहेर जाते, आणि तरीही रोगी हवेसाठीं तळमळतो, ही विसंगति त्याच्या ध्यानांत आली. तिचा उलगडा पुढें झाला. रक्तांत साखर भरपूर असूनही ती शरीरास वापरतां येत नाहीं. मग यकृत चरबीपासून आम्लें बनवूं लागतें, आणि तीं सांचलीं कीं शरीर जोरजोराच्या श्वासावाटे तो भार हलका करूं पाहतें. उतारा म्हणून सोडा देऊन पाहण्यांत आला; रोगी मात्र बहुधा हातचा जाई.

११ जानेवारी १९२२ रोजीं टोरांटोच्या रुग्णालयांत लिओनार्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास बँटिंग व बेस्ट यांचा अर्क टोंचण्यांत आला. तो अशुद्ध होता. टोंचल्या जागीं गळू झालें आणि गुण यथातथाच आला. १२ दिवसांनीं कॉलिपनें शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हां मूत्रांतील साखर जवळजवळ नाहींशी झाली. हा मुलगा १९३५ पर्यंत जगला.

इन्सुलिन हातीं आलें, तरी तेवढ्यानें भागलें नाहीं. मूत्रावाटे कित्येक लिटर पाणी व क्षार निघून गेलेले असतात. ते शिरेवाटे भरून काढावे लागतात. कांहीं रोगी तर साखर उतरल्यावर, सुधारतां सुधारतां, अचानक दगावत. इन्सुलिनमुळें रक्तांतील पोटॅशियम पेशींत शिरतें, रक्तांत त्याचा तुटवडा पडतो, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात किंवा हृदय थांबतें. १९४६ सालीं होलरनें याकडे लक्ष वेधलें. आज पोटॅशियम फार उतरलेलें असेल तर तें आधीं भरून काढतात, आणि मगच इन्सुलिन सुरू करतात.

मात्रेचा इतिहासही गमतीचा आहे. शेंकडों युनिटें टोंचण्याची वहिवाट पुष्कळ वर्षें चालली. १९७३ च्या सुमारास आल्बर्टी प्रभृतींनीं दाखवून दिलें कीं, थोडी थोडी मात्रा तासातासानें दिल्यानेंही काम होतें, आणि साखर व पोटॅशियम एकदम कोसळण्याचा धोका कमी होतो. आतां ६० किलोच्या माणसास ताशीं सुमारें ६ युनिटें पुरतात. औषध कमी देण्यास धैर्य लागलें, तें असें.

१९५७ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील सॅमेंट व श्वार्त्झ यांनीं आणखी एका प्रकाराचें वर्णन केलें. यांत आम्लें फारशीं नसतात, श्वास धापेचा नसतो. साखर मात्र १०० मिलिलिटरमागें ६०० मिलिग्रॅमच्याही वर जाते आणि शरीर शुष्क होतें. हा बहुधा उतारवयांतील माणसांस गांठतो. दिवसेंदिवस वाढणारी गुंगी घरच्यांस म्हातारपणाची वाटते, रुग्णालयांत न्यावयास उशीर होतो, आणि मृत्यूचें प्रमाण आजही पहिल्या प्रकाराहून अधिक आहे.