लेप्टोस्पायरोसिसमधील प्रारंभिक प्रतिकार

लेप्टोस्पायरोसिसमधील प्रारंभिक प्रतिकार म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणू शरीरात शिरल्यापासून रक्तात प्रतिपिंडे आढळू लागेपर्यंत रोगप्रतिकार यंत्रणेत होणाऱ्या घडामोडी होत. या आजारास बोलीभाषेत ‘लेप्टो’ म्हणतात. लाइम आजार घडवणाऱ्या बोरेलियाप्रमाणे लेप्टोस्पायरा हाही स्पायरोकीट गटातील मळसूत्री आकाराचा जिवाणू आहे. मात्र बोरेलिया गोचिडीच्या चाव्यातून, तर लेप्टोस्पायरा उंदीर, घुशी, गुरे इत्यादींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाणी व चिखलातून पसरतो.

पार्श्वभूमी

जुलै २००५ मधील मुंबईच्या महापुरानंतर या आजाराची साथ आली होती. रायगड जिल्ह्यातील महाड शहर सावित्री नदीकाठी वसलेले असून जुलै २०२१ मध्ये तेथे महापूर आला. पूर ओसरल्यावर घरादारांतील गाळ उपसणाऱ्यांना, तसेच महाड-पोलादपूर परिसरात भातलावणीसाठी अनवाणी चिखलात उतरणाऱ्यांना या संसर्गाचा धोका असतो. पायांच्या भेगा, जखमा आणि डोळे, नाक व तोंड यांतील नाजूक त्वचेतून जिवाणू आत शिरतो.

जन्मजात प्रतिकार

रक्तातील पूरक प्रथिने ही पहिली संरक्षक फळी होय. मातीपाण्यात राहणारे निरुपद्रवी लेप्टोस्पायरा या प्रथिनांमुळे लवकर नष्ट होतात. रोगकारक प्रकार मात्र ‘फॅक्टर एच’ हे मानवी नियंत्रक प्रथिन स्वतःच्या पृष्ठभागावर चिकटवून घेतात व त्यामुळे बचावतात.

जिवाणूच्या बाह्य आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड हा रेणू ओळखण्यासाठी मानवी पेशींवर ‘टीएलआर-४’ हा ग्राहक असतो. लेप्टोस्पायराच्या या रेणूची रचना वेगळी असल्याने तो ग्राहक त्यास नीट ओळखत नाही. ‘टीएलआर-२’ हा ग्राहक मात्र प्रतिसाद देतो. जिवाणूची कशाभिका आवरणाच्या आत दडलेली असल्याने तीही सहज ओळखली जात नाही. परिणामी पहिल्या दिवसांत जिवाणू रक्तातून यकृत, मूत्रपिंड व फुप्फुसांपर्यंत पोहोचतात. पेशींनी स्रवलेल्या सायटोकाइन द्रव्यांमुळे ताप येतो. डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळे लाल होणे ही या टप्प्यातील इतर लक्षणे आहेत.

प्रतिपिंडांची निर्मिती

आजाराच्या साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून आयजीएम प्रतिपिंडे रक्तात आढळू लागतात. ती जिवाणूंना चिकटल्यावर भक्षक पेशी त्यांना अधिक सहज गिळतात आणि रक्तातील जिवाणू कमी होत जातात. ही प्रतिकारशक्ती बहुतांशी विशिष्ट उपप्रकारापुरती मर्यादित असल्याने एकदा लेप्टो झालेल्या व्यक्तीस दुसऱ्या उपप्रकारामुळे तो पुन्हा होऊ शकतो.

निदान व उपचारातील महत्त्व

प्रतिपिंडे शोधणारी चाचणी पहिल्या काही दिवसांत नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे अशा अहवालावरून लेप्टो नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. या काळात जिवाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी अधिक उपयुक्त ठरते. सुमारे दोन आठवड्यांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वाढलेले आढळल्यास निदान पक्के होते. तथापि उपचारासाठी तोवर थांबणे धोक्याचे असते, कारण गंभीर रुग्णांत मूत्रपिंडे निकामी होणे वा फुप्फुसांत रक्तस्राव होणे संभवते. म्हणून पुराच्या पाण्याशी वा चिखलाशी संपर्क आलेल्या व्यक्तीस ताप आल्यास तो संपर्क डॉक्टरांना आवर्जून सांगणे आवश्यक आहे. संशय आल्यास अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू केली जातात. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन, तर गंभीर आजारात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोनची इंजेक्शने वापरतात.